सत्तेचाळीस टक्क्यांची साक्ष

माणूस ओळखायला बळीरामला त्याचं तोंड पाहावं लागत नसे. तो फोन किती रिंगा झाल्यावर उचलतो, एवढ्यावर त्याचं भागे. पहिल्याच रिंगला उचलणारा एक तर गरजू, नाही तर रिकामटेकडा. तीन-चार रिंगा जाऊ देणाऱ्याचं घर ठिकाणावर. फोन पुरा वाजू देऊन मागाहून "कामात होतो जी" म्हणणारा भाव खाणारा. अशा घरी पोरगी देताना आधी शेजारपाजारी चौकशी करावी. आणि बोलता बोलता जो फोन कापतो, तो बळीरामच्या खात्यात कायमचा बुडीत. दिग्रसचं एक पक्क्या नोकरीचं स्थळ त्यानं एवढ्यावरून मोडलं होतं. "ज्याले जबाब द्याचा नसते, तोच फोन कापते," असं तो आर्णीच्या बसस्टँडवर चहा पिता पिता सांगे, आणि ऐकणारे माना डोलवत. डोलवतील नाही तर काय? त्यातल्या अर्ध्यांच्या घरची लग्नं त्यानं जुळवली होती आणि उरलेल्यांची जुळवायची होती.

एसटीत कंडक्टरकी करण्यात त्याची उमर गेली. आर्णी, दारव्हा, दिग्रस या पट्ट्यातल्या बौद्ध घरांत कोणाचा पोरगा कुठं लागला, कोणाची पोरगी काय शिकते, हे त्याला तिकिटं फाडता फाडता कळत गेलं. निवृत्तीनंतर एवढा माल पडून राहू नये म्हणून तो सोयरिकी जुळवू लागला. मोबदला घेत नसे. मांडवात माइकवरून नाव नीट घ्यावं आणि पहिल्या पंगतीला बसवावं, इतकंच. पण तितकं मात्र झालंच पाहिजे.

त्याचा एक प्रश्न ठरलेला असे. "सिकलसेलची तपासणी झाली काय?" रक्ताचा हा आजार त्या भागात बऱ्याच घरांना ठाऊक. ज्याच्या रक्तात तो आहे पण ज्याला स्वतःला काही त्रास नाही, त्याला वाहक म्हणतात. नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर लेकरांना धोका, एकच असला तर तो धोका नाही. हे बळीराम लोकांना खणखणीत आवाजात समजावून सांगे. दुसऱ्याच्या लेकरांबद्दल बोलायचं असलं की माणसाचा गळा साफ असतो.

त्याची स्वतःची दीपमाला वाहक होती.

दीपमाला जवळच्या एका खेड्यात पोस्टाचं काम पाहायची. कॉलेजात असताना शिबिरात रक्त तपासलं तेव्हा कळलं, आणि तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. बापाला वाटलं. दोन स्थळं आली. दोन्हीकडची पोरं तपासणीत साफ निघालेली, तरी "वाहक" हा शब्द ऐकल्यावर दोघांच्या घरचे फोन थंडावले. एकानं तर कुंडलीचं कारण दिलं. बौद्धाच्या घरात कुंडली! बळीराम चार दिवस हसला आणि मग त्याचं हसू गेलं.

म्हणून दारव्ह्याजवळच्या बोरी अरब गावचं स्थळ आलं तेव्हा दीपमालानं बापाला बसवून सांगितलं, "बाबा, या वेळी पहिल्याच बोलण्यात सांगायचं. मागून कळलं की लोक म्हणतात, लपवलं होतं."

"सांगतो व. मी काय लपवणारा माणूस आहो काय?"

"तसं नाही म्हटलं मी."

पण तिनं म्हटलं होतं तसंच, आणि दोघांनाही ते कळलं होतं.

आता त्या फोनबद्दल. घरातल्या वस्तूंना जशी उतरंड असते, तशी बळीरामच्या घरात फोनला होती. नागपूरला असलेला मुलगा विक्की नवा फोन घेई, त्याचा जुना बापाकडे येई, बापाचा जुना बायकोकडे, पंचफुलाकडे. पंचफुलाच्या हाती फोन यायचा तो नुसता घड्याळ म्हणून. बळीरामकडचा फोन विक्कीनं तीन वर्षं वापरून दिलेला, आणि त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

बळीराम त्याला पोटच्या लेकरासारखा जपे. शंभर टक्के भरल्याशिवाय घराबाहेर काढत नसे. थोडा उतरला की लावला चार्जिंगला. झोपताना लावे तो पहाटेपर्यंत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या दिवसांत फोनची जागा फ्रिजच्या डोक्यावर, कारण तिथं कोणाचा हात लागत नाही. त्यात पंचफुलानं जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवावी तशी एक जाडजूड पिशवी शिवून दिलेली. फोन त्या पिशवीत घातलेलाच चार्ज होई आणि हाताला नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखा लागे. "बाळसं धरून राह्यला," असं पंचफुला म्हणे, कारण अलीकडे त्याची पाठ जराशी फुगल्यासारखी दिसू लागली होती.

गेल्या वर्षापासून फोनचं लक्षण बिघडलं. अक्षर आज दाबावं आणि ते उद्या उमटावं, अशी गत. कॅमेरा उघडला की आधी नुसता काळोख. कधी हातात असता असता गप्पकन बंद. विक्कीनं फोनवर सांगितलं, "बाबा, बॅटरी गेली असंल, बदलून घ्या." बळीरामनं त्याचा अर्थ असा लावला की पोरगा नवा फोन घेऊन द्यायचं टाळतो आहे. कोणीतरी सांगितलं, फोटो फार झाले की फोन सुस्त होतो. मग त्यानं एक अख्खी दुपार बसून फोटो काढून टाकले. विक्कीच्या पोराचे, दीक्षाभूमीवरचे, वारलेल्या थोरल्या भावाचे. फोन होता तसाच राहिला. फोटो मात्र गेले.

हे सगळं त्यानं बाहेर कोणाला सांगितलं नाही. सोयरिकी जुळवणाऱ्याचा फोन मध्येच बंद पडतो म्हटल्यावर त्याच्या शब्दाला काय राहणार?

आता नवी रीत अशी निघाली आहे की आधी मोबाइलवर एकमेकांना पाहून घ्यायचं, मन बसलं तरच गाडी काढायची. ही रीत त्या पट्ट्यात आणली असेल तर बळीरामनंच. त्यात त्याचा एक नियम: पक्कं होईपर्यंत मुलीचा नंबर बाहेर जाणार नाही. बोलणं होईल ते बापाच्या फोनवरून.

मे महिन्यातला रविवार. दुपारची वेळ, लाइट गेलेली. पोरगा धम्मरत्न झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक. सुट्टीला बोरी अरबला आईकडे आलेला. आई बेबीताई. नवरा वारल्यावर तिनं एकटीनं शेत करून पोराला शिकवलेलं, त्यामुळे बोलणं कोयत्यासारखं. बळीरामनं व्हिडिओ कॉल लावला. धम्मरत्न मान खाली घालून बसला होता आणि बेबीताई कॅमेऱ्याच्या इतकी जवळ होती की तिचा एक कानच दिसत होता.

"जय भीम ताई! दिसून राह्यलो काय?"

"तुमी दिसता जी. पोरगी दिसत नाही. लग्न तुमच्यासंग थोडंच लावाचं आहे?"

सगळे हसले. दीपमाला समोर आली. धम्मरत्ननं मान वर केली आणि वरच ठेवली. हे बळीरामनं जमेला धरलं.

"लाइट नाही वाटते तुमच्याकडं," बेबीताई म्हणाली.

"लाइट गेली, पण फोन भरून आहे ताई! सत्तेचाळीस टक्के. आर्णीहून यवतमाळले जाऊन अर्ध्या रस्त्यावर वापस येईन एवढा. आरामात बोला."

हे त्यानं आपणहून सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. दीपमालाचं शिक्षण, धम्मरत्नची शाळा, पाऊसपाणी, असं बोलणं सरकत गेलं. आवाज तुटत होता. त्यांच्या घरात रेंज नेहमीच अर्धी. फोन तापून हाताला चटका देत होता. दीपमालानं बापाच्या कोपराला हळूच धक्का दिला: सांगा आता. बळीरामनं घसा खाकरला. "हो, सांगतो, सांगतो" असा चेहरा केला आणि धम्मरत्नला शाळेत मुलं किती, ते विचारलं.

त्याचं उत्तर झालं आणि बेबीताईनं कान बाजूला घेऊन तोंड पुढं केलं. "बळीरामभाऊ, तुमी सगळ्यांले विचारता म्हून ऐकलं, तर मीबी विचारते. पोरीची सिकलसेलची तपासणी झालीच असंल ना? काय निघालं?"

आणि फोन काळा झाला.

फोनचं बंद होणं असंही असतं की चित्र अडकतं, आवाज घोगरा होतो, माणसाला सूचना मिळते. इथं तसलं काही नाही. बेबीताईचं तोंड होतं, आणि नव्हतं.

बळीरामनं बटण दाबून धरलं. पडद्यावर कंपनीचं नाव आलं, फिरलं, फिरतच राहिलं. पंचफुला म्हणाली, "दीपीच्या फोनवरून लावा ना लवकर!"

"नंबर जाईल ना तिचा!"

"अहो, पण ते काय समजतील?"

"काही नाही समजत. होते चालू."

फोन चालू झाला तोवर तिकडं चहाही पिऊन झाला असता. पडदा उजळला आणि वर कोपऱ्यात आकडा दिसला. पंचफुलानं वाचला, "चव्वेचाळीस." मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. चार्जिंग संपलेला फोन चव्वेचाळीस दाखवत नाही, एवढं घड्याळ म्हणून फोन वापरणाऱ्या बाईलाही कळत होतं.

दीपमालानंही तो आकडा पाहिला.

"बाबा, तुम्ही कापला का?"

"मी? मी कायले कापू?"

"ठीक आहे," दीपमाला म्हणाली आणि आत गेली. तिनं आरडाओरडा केला असता तर बळीरामला बरं वाटलं असतं.

त्यानं बोरी अरबला साधा कॉल लावला. पुरा वाजला. पुन्हा लावला. शेवटी बेबीताईनं उचलला.

"ताई, फोन बंद पडला होता, चार्जिंगचं—"

"भाऊ, तुमीच तर म्हटलं भरून आहे. सत्तेचाळीस का किती."

"हो, पण तो आपोआपच—"

"माह्या प्रश्नालेच कसा आपोआप बंद पडला जी? इतका वेळ पोरगा शाळेचं सांगत होता तवा नाही पडला." मग ती म्हणाली, "दिग्रसच्या माणसाचा किस्सा तुमीच सांगत फिरता ना? म्या दोन ठिकाणी ऐकला. ज्याले जबाब द्याचा नसते, तो फोन कापते. राहू द्या. आता मी कापून राह्यली. सांगून कापून राह्यली."

बळीरामनं आयुष्यात पुष्कळ लोकांना बसमधून उतरवलं होतं. स्वतः उतरवला जाण्याची त्याची ही पहिली वेळ.

आता सरळ फोन करून सांगून टाकावं, पोरगी वाहक आहे, तर तेही जमेना. विचारल्यावर फोन कापला, मग दडपण आलं म्हणून कबूल केलं, असाच त्याचा अर्थ होणार. दोन दिवसांत आर्णीच्या बसस्टँडवर एकानं हसत हसत विचारलं, "काय बळीरामभाऊ, फोन चालू आहे ना?" म्हणजे गोष्ट दारव्ह्याहून इकडे आली होती. तिला वाटेत अंगही धरलं असणार: पोरीला काहीतरी मोठंच असलं पाहिजे, नाही तर बळीरामसारखा माणूस फोन कापता ना.

घरात दीपमाला बोलत होती, पण कामापुरतं. एकदा एवढंच म्हणाली, "दर पौर्णिमेला विहारात तुम्हीच पुढं बसून पंचशील म्हणता. चौथं शील कोणतं, ते मी विचारत नाही." चौथं शील म्हणजे खोटं न बोलणं; पंचफुलाला जेवताना ठसका लागला.

सगळ्यात वाईट म्हणजे बळीरामला स्वतःलाच खात्री नव्हती. तो प्रश्न आला त्या क्षणी त्याचा अंगठा पडद्याकडे सरकला होता, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. टेकला होता का, ते आठवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो रजतच्या मोबाइलच्या दुकानात गेला. रजत हा ओळखीतला पोरगा. गिऱ्हाइकाशी बोलताना मान वर न करता काम करणारा.

"रजत, एवढंच सांग. चव्वेचाळीस टक्के असताना फोन आपोआप बंद पडू शकते काय?"

"पडते ना काका. हा तर पडनच." त्यानं फोन पिशवीतून काढला, आडवा टेबलावर ठेवला. फोन पाळण्यासारखा डोलला. "पाठ पाहा कशी फुगली. आणि ही गोधडी कोणी घातली याले? चार्जिंगच्या वेळीबी असते काय अंगावर?"

"तिनं शिवून दिली. फ्रिजवर ठेवतो, सुरक्षित."

"काका, गरमीनं अन् सारखं ठासून भरल्यानं बॅटरी लवकर म्हातारी होते. तुमी जीव लावून मारली तिले." तो आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे टक्के म्हणजे फोनचा आपला अंदाज असते. आतमंदी किती जोर उरला, ते यात दिसत नाही. व्हिडिओ कॉल म्हणजे पडदा, कॅमेरा, नेट, सगळं एका टायमाले ओढते. त्यात रेंज कमी असली त अजून जोर लागते. म्हाताऱ्या बॅटरीले तेवढं देता येत नाही, दाब एकदम खाली येते, मंग फोन सोताले वाचवाले बंद होते. मंदबी त्याच्यानंच चालत असंल; कमी ओढावं म्हून तोच आपला वेग कमी करते."

"फोटो काढून टाकले म्या सारे."

"कायले? फोटोचा काय संबंध?"

बळीरामच्या डोळ्यांपुढे एकदम हिवाळ्यातली पहाटेची गाडी उभी राहिली. आतले दिवे लख्ख, हॉर्न गावभर ऐकू जातो, आणि ड्रायव्हरनं स्टार्टर मारला की नुसतं खट. दिवे लागले म्हणून इंजिन उचलतं असं नाही. मग बळीरामनं पॅसेंजर उतरवायचे आणि सगळ्यांनी धक्का मारायचा. एवढी वर्षं हे पाहिलं आणि खिशातल्या वस्तूला तोच न्याय लावता आला नाही.

"म्हणजे म्या नाही कापला," तो म्हणाला. इतक्या मोठ्यानं, की बाजूला कव्हर निवडणारी एक बाई दचकली.

"बसा काका, आत्ता नवी टाकून देतो. फोनबी पळन अन् बंदबी पडणार नाही."

बळीरामचा हात झटकन फोनवर आला. "थांब! नको बदलू."

"काहून?"

"बदलली त मंग साक्ष कोण देईन?"

रजतनं पहिल्यांदा मान वर केली. फुगलेली बॅटरी कधी पेट घेईल सांगता येत नाही, असं तो पुन्हा पुन्हा बोलला. शेवटी एवढ्यावर तडजोड झाली, की पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही, खिशात ठेवायचा नाही, दाबायचा नाही, आणि उद्या तिकडून आल्यावर आधी दुकानात यायचं. रजतनं तिथंच, पंख्याखाली, डोळ्यांसमोर ठेवून त्याला जेमतेम निम्म्याच्या थोडं वर भरून दिलं आणि बंद करून एका पत्र्याच्या डब्यात घालून दिलं.

दुसऱ्या दिवशी, फोन आपोआप बंद पडतो ते दाखवायला जातो असं घरी सांगून, बळीराम दारव्ह्याला गाडी बदलून बोरी अरबला पोचला. हातात डबा. कंडक्टरनं विचारलं, "काय शिदोरी काय?" बळीरामला जुन्या खात्यातल्या माणसावर पहिल्यांदाच राग आला.

बेबीताईनं पाणी दिलं, कारण दारात आलेल्याला पाणी द्यायचं असतं. बाकी चेहऱ्यावर काही दिलं नाही. धम्मरत्न खुर्ची पुढं करून उभा राहिला.

"ताई, मी भांडाले नाही आलो. दाखवाले आलो." त्यानं डबा उघडला, फोन चालू केला. अठ्ठेचाळीस टक्के. "पाहून घ्या. आता मी धम्मरत्नच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावतो. हा तुमच्या डोळ्यांपुढं बंद पडते. आकडा चाळिसाच्या वर असताना पडते. मंग बोलू."

एकाच खोलीत दोन फोन एकमेकांकडे तोंड करून लागले. असा कॉल लागला की दोन्हीकडून शिट्ट्या निघतात. ती कर्कश शिट्टी ऐकून शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. सगळे फोनकडे पाहत बसले. शेहेचाळीस झाले. त्रेचाळीस. बळीराम फोनकडे असा पाहत होता, की मरणाऱ्याच्या उशाशी बसलेल्यानंही तेवढं टक लावून पाहू नये. फक्त यात आशा उलटी होती.

फोन चालत राहिला. एकोणचाळीस. बळीरामनं पडद्याचा उजेड वाढवला, टॉर्च लावली, धम्मरत्नला म्हणाला, "बोला ना काही, बोला." धम्मरत्ननं बिचाऱ्यानं "हॅलो, हॅलो" केलं. चित्र स्वच्छ, आवाज कुठं तुटत नव्हता. कंपनीचा टॉवर बेबीताईच्या घरामागंच उभा होता. फोनला रेंज शोधायला जोर लावावाच लागत नव्हता. घरी ज्यानं त्याचा दम जाई, ते ओझंच इथं नव्हतं. हे बळीरामच्या ध्यानात आलं, आणि हे आता समजावून सांगायला गेलो तर आपण आणखीच लबाड दिसू, हेही आलं.

चौतीस.

"चांगला चालते की जी फोन," बेबीताई म्हणाली.

टोमणा असता तर परवडला असता. ती कीव करून बोलली. शेजारची बाई फिसकन हसली. बळीरामनं कॉल बंद केला. हिशेब पाहता त्याच्याजवळ आता काहीच शिल्लक नव्हतं: साक्षीदार उलटला होता, शब्द आधीच गेला होता, आणि परतीच्या गाडीला वेळ होता.

"ताई," तो म्हणाला, "पोरगी वाहक आहे. तिले सोताले काही त्रास नाही, पण वाहक आहे. तिनं मले सांगितलं होतं, पहिल्याच बोलण्यात सांगा म्हून. कोपर मारत होती मले. म्या शाळेतल्या पोरांची गोठ काढली."

बेबीताईनं पाण्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"फोन म्या नाही कापला. पण खरं सांगतो, तुमी विचारलं तवा माहा अंगठा उचलला होता. तो टेकला असता का नाही, मले नाही माहीत. फोन माह्या आंधी मेला, म्हून मी वाचलो. तुमी मले लबाड म्हणा. तिले नका म्हणू."

शेजारच्या बाईला बेबीताईनं डोळ्यांनीच घरी पाठवलं. मग ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. इतका वेळ समोरच्याचं माप काढणारी बाई एकदम स्वतःचं काही शोधू लागल्यासारखी दिसली.

धम्मरत्न म्हणाला, "आई, आपलं सांग ना."

"आपलं काय?"

"माझी तपासणी झालीच नाही अजून, बळीरामकाका. शाळेतल्या पोरांची दर वर्षी करून घेतो. स्वतःची राहून गेली."

"तुले काय झालं तपासाले? बैलासारखा आहे," बेबीताई म्हणाली, पण आवाजात ते कोयत्याचं पाणी नव्हतं.

"दीपमालाबी ठणठणीतच आहे," बळीराम म्हणाला.

धम्मरत्ननं उद्याच यवतमाळला जाऊन रक्त देतो म्हणून सांगितलं आणि दीपमालाचा नंबर मागितला. बळीरामनं आपला नियम आठवला आणि नंबर तोंडपाठ सांगितला, सावकाश, दोनदा. बेबीताईनं चहा ठेवला. चहात साखर बेताची होती. सोयरीक ठरलेल्या घरचा चहा असा नसतो, आणि मोडलेल्या घरी तो मिळत नाही. कुठल्या खात्यात मांडावा ते बळीरामला कळेना.

आर्णीत उतरल्यावर त्यानं आधी फोन रजतच्या हवाली केला आणि रिकाम्या हातानं घरी आला. दीपमाला कामावरून येऊन पाय धूत होती.

"पडला का बंद?" तिनं विचारलं.

"पडला, सगळ्यांसमोर," हे शब्द जिभेवर तयार होते. पोरगी लगेच मानली असती. रजतनं सांगितलेलं सगळं जोडीला होतंच, आणि ते खरंही होतं.

"नाही पडला," बळीराम म्हणाला. "चालतच राह्यला मेला. उजेड वाढवला, टॉर्च लावली, तरी चालतच राह्यला. शेजारीण हसली माह्यावर."

दीपमालाचा पाय बादलीपाशीच थांबला. "मग?"

"मंग सांगितलं. तुही तपासणी सांगितली. अन् अंगठा उचलला होता, तेबी सांगितलं."

"अंगठा?"

त्यानं तिलाही सांगितलं. पंचफुला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"पडला म्हटलं असतं तुम्ही, तर मी मानलं असतं," दीपमाला शेवटी म्हणाली.

"मले माहीत होतं."

तिनं पाय पुसले. "म्हणजे खरंच नाही कापला." हे तिनं विचारलं नाही, म्हटलं.

मग बळीरामनं धम्मरत्नच्या तपासणीचं सांगितलं. रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येणार. पंचफुलाला जे विचारायचं नव्हतं तेच तिच्या तोंडून आलं. "अन् त्याचंबी तसंच निघालं त?"

"तर मीच फोन करून नाही म्हणीन," दीपमाला म्हणाली. "त्याला बोलायला लावणार नाही."

ताटं वाढली गेली. कोणी फारसं खाल्लं नाही. बळीरामला धीराचं काही बोलावंसं वाटत होतं; दुसऱ्यांच्या घरी जाऊन तो अशा वेळी पुष्कळ बोलत असे. इथं एक वाक्य सापडेना.

दीपमाला ताटातलं भाताचं शीत बोटानं इकडून तिकडे करत होती. खाली पाहतच तिनं विचारलं, "बाबा, त्याचा आवाज कसा आहे? त्या दिवशी तुटत होता, नीट ऐकूच नाही आला."

पंचफुलानं तोंड चुलीकडे फिरवलं.

"चांगला आहे," बळीराम म्हणाला.